आजोबांचं डावं

दिवसभरात माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द म्हणजे हेल्मेट. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. सकाळी स्कूटर, दुपारनंतर कार. स्कूटरवाल्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: हेल्मेट नाही तर चावी नाही. मग सबबी सुरू होतात. गरम होतं. केस बसतात. मान अवघडते. कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय. लोक काय म्हणतील. यातली एकही सबब मी आजवर पुरती ऐकून घेतलेली नाही. अर्ध्या वाक्यातच हात पुढे करते आणि चावी परत मागते.

आणि मुलांच्या डॉक्टरबाईंनी माझ्या पाच महिन्यांच्या पोरासाठी हाच शब्द उच्चारला, तेव्हा मी काय म्हणाले? "अहो, पण गरम होईल हो त्याला! मान केवढीशी आहे त्याची. आणि लोक काय म्हणतील?" सगळ्या सबबी एका दमात. नवरा शेजारच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघतच राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते हेच.

पोराला घरात आम्ही चेंडू म्हणतो. कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही बघत नाही. जन्मला तेव्हा डोकं इतकं गोल होतं, की सासऱ्यांनी हातात घेतल्या घेतल्या म्हटलं, "हा तर चेंडू!" आणि तेच चिकटलं. सासऱ्यांच्या शब्दाला या बाबतीत वजन आहे. ते न्हावी आहेत. आमच्या घराच्या खालीच, रस्त्याला लागून त्यांचं सलून आहे: दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, थांबणाऱ्यांसाठी एक बाक, आणि पडद्यामागे एक छोटी खोली. गिऱ्हाईकं त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांना ते आवडतं, पण आवडत नसल्यासारखं दाखवतात.

चेंडूच्या डोक्यातली गडबडही पहिल्यांदा त्यांनाच कळली. तो तीन महिन्यांचा होत आला होता. त्याच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता सासरे मध्येच थांबले, पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच थांबले.

"अगं," ते म्हणाले, "चेंडूची इकडची हवा गेलीय की."

मी हसले. मग मी हात फिरवून बघितला आणि हसू थांबलं. मागे, उजव्या कानाच्या वर, डोकं चक्क चपटं लागत होतं.

डॉक्टरबाई तेव्हा शांतपणे म्हणाल्या होत्या, "घाबरू नका. मेंदूला काही नाही. याच्या मानेचा एक स्नायू आखडलाय, त्यामुळे हा सारखा उजवीकडेच बघतो. मग भार त्याच बाजूवर पडतो आणि कवटी मऊ असल्यामुळे तिथे बसते. आता त्याला डावीकडे बघायला लावायचं. जे काही दाखवाल, वाजवाल, ते त्याच्या डाव्या बाजूने. जागा असताना पोटावर ठेवायचं. उशीबिशी काही नको. बऱ्याच मुलांचं एवढ्याने सुधारतं. नाहीच सुधारलं, तर हेल्मेटचा विचार करू, पण तो वेळेत करावा लागेल. हाडं एकदा घट्ट झाली की मग उपयोग नाही."

घरी येताच सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं, "डोकं हे माझं खातं. तुम्ही दोघं तुमची कामं बघा."

ते सोयीचंही होतं. माझी रजा संपली होती. नवरा बेकरीत भट्टीवर असतो. तो उजाडायच्या आत जातो आणि दुपारी पीठ माखून येतो, तो थेट उशीवर पडतो. तेव्हा चेंडू दिवसाचा बराचसा वेळ सासऱ्यांकडेच असायचा. पडद्यामागच्या खोलीत जमिनीवर गादी घातलेली, पडदा बाजूला सारलेला. हातातलं गिऱ्हाईक झालं की सासरे चेंडूच्या पायांशी मांडी घालून बसायचे, एका हाताने कंगवा बाजूला लांब धरायचे आणि त्याच्या दातांवरून नख ओढायचे. कर्रर्र! चेंडू लगेच तिकडे मान वळवायचा आणि खुदकन हसायचा.

"किती गुणी पोर आहे!" संध्याकाळी सासरे मला सांगायचे. "एकदा कंगवा वाजवला की वळलाच. आज तर बाकावरच्या मंडळींनीही डावीकडून शिट्ट्या मारल्या. सगळं दुकान त्याच्या मानेच्या मागे लागलंय."

मला मात्र त्याने कधी दाद दिली नाही. मी संध्याकाळी डाव्या बाजूने खुळखुळा वाजवायची, तर हा ढिम्म. हळूच हनुवटीला धरून वळवू पाहिलं, तर असा भोकाड पसरायचा, की शेजारीण खिडकीत यायची. मला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. नऊ महिने मी वाहिलं आणि मान वळते आजोबांच्या कंगव्यावर! शेवटी मी नाद सोडला. जमतंय त्यांना तर करू दे, म्हटलं.

अशा थाटात आम्ही पाचव्या महिन्याला डॉक्टरबाईंकडे गेलो होतो, शाबासकी घ्यायला. त्यांनी कंपासपेटीतल्या कंपाससारख्या मोठ्या चिमट्याने डोकं तिरकं मोजलं, एकदा या कोपऱ्यातून, एकदा त्या कोपऱ्यातून. मग परत मोजलं. मग चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा बातमी बरी नसते.

"फरक कमी व्हायला हवा होता," त्या म्हणाल्या. "तो वाढलाय. उजवा कानही थोडा पुढे सरकलाय बघा." आणि मग तो शब्द. आतून मऊ, बाहेरून कडक, डोक्याच्या मापाने केलेलं हेल्मेट. दिवसाचे तेवीस तास घालायचं, तीन-चार महिने. "ते डोकं दाबत नाही. जिथे चपटं आहे तिथे आत मोकळी जागा ठेवलेली असते. डोकं वाढतं ते त्या जागेत वाढतं. सक्ती नाही. नाही घातलं तरी मूल शहाणंच होणार आहे, फक्त डोकं थोडं वाकडं राहील, उद्या चष्मा लागला तर तो तिरका बसेल. ठरवायचं तुम्हाला आहे. पण दोन आठवड्यांत ठरवा. आत्ता डोकं भराभर वाढतंय, तोवरच मजा आहे."

त्यांनी मजा हा शब्द वापरला. मला काही मजा वाटली नाही.

घरी जेवायच्या टेबलावर परिषद भरली. चेंडू माझ्या मांडीवर, उजवीकडे तोंड करून, दिव्याकडे बघत.

"घालायचं," नवऱ्याने एका वाक्यात निकाल दिला. "पीठ मऊ आहे तोवरच आकार देता येतो. भाजल्यावर काय करणार?"

"पोर आहे का पाव आहे?" सासरे कडाडले. "एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर दिवसरात्र टोपडं ठोकायचं? अरे, मी उभं आयुष्य डोकी हाताळली. एक डोकं गोल नाही. एकाला मागे उंचवटा, एकाला टाळूवर खड्डा. केस वाढले की कुणाला कळतं?"

"आणि टक्कल पडलं की?" नवरा म्हणाला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर आता फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारायचा हक्क त्याला होता.

सासऱ्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि माझ्याकडे वळले. "सूनबाई, पोर वळतंय. रोज वळतंय. तुला खोटं वाटत असेल तर येऊन बघ. थोडा वेळ द्या, माझ्या हातून फरक पडेल. आत्ता हेल्मेट घातलंत तर याचा अर्थ एवढाच, की म्हाताऱ्याच्या हातात काही राहिलं नाही."

ते मला सूनबाई म्हणतात तेव्हा त्यांना लागलेलं असतं. एरवी मी नुसती 'अगं' असते.

गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही, पण कुठली बाजू घ्यावी कळेना. नवऱ्याचं पटत होतं आणि सासऱ्यांचं हवंहवंसं वाटत होतं. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकाऊ चुकला तर दाबायला. इथे चाकही माझ्या हातात नव्हतं आणि ब्रेकही नव्हता, आणि गाडी मात्र माझ्या लेकराची होती.

मंगळवारी माझा एक शिकाऊ आलाच नाही. मोकळा वेळ मिळाला, तेव्हा म्हटलं, चला, सासरे बोलावतात तर बघून येऊ. सलूनमध्ये बाकावर तिघं बसलेले, एक जण खुर्चीत फेस लावून. सासरे नुकतेच आत चेंडूपाशी बसत होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"ये, ये. बघ हं आता. मंडळी, शांतता!"

मंडळी शांत झाली. फेसवाल्यानेसुद्धा मान वळवली. सासरे चेंडूच्या पायांशी, त्याच्याकडे तोंड करून बसले. कंगवा डाव्या हातात धरला, हात लांब केला आणि नख ओढलं. कर्रर्र! चेंडू टुणकन वळला आणि हसला. बाकावरून टाळ्या पडल्या.

"बघितलंस? डावीकडे!" सासरे म्हणाले.

मी बघितलं. कंगवाही बघितला, आणि चेंडूची मान कुठे गेली तेही.

कार मागे घ्यायला शिकवताना मी कधी कधी खाली उतरून गाडीच्या समोर उभी राहते आणि हाताने सांगते. त्यात एक चूक हमखास होते. माझ्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला 'डावीकडे' म्हटलं, तर कुणाच्या डावीकडे? माझं डावं ते त्याचं उजवं. नवीन असताना या एका शब्दापायी मी एक गाडी सरळ खांबाला चिकटवली होती. तेव्हापासून मी आधी 'तुमच्या' म्हणते आणि मगच 'डावीकडे' म्हणते.

सासऱ्यांना हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं, कारण त्यांना कधी गरजच पडली नव्हती. त्यांचं आयुष्य गेलं माणसांच्या पाठीमागे उभं राहून. पाठीमागून बघितलं की न्हाव्याचं डावं तेच गिऱ्हाइकाचं डावं. आरशातही तेच डावं. या माणसाच्या जगात डाव्या-उजव्याचा घोटाळा व्हायला जागाच नव्हती. आणि या वयात पहिल्यांदा एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे तोंड करून आडवं झालं होतं.

म्हणजे गेले कित्येक आठवडे सगळं दुकान मिळून, शिट्ट्या मारून, टाळ्या वाजवून, चेंडूला त्याच्या त्या लाडक्या चपट्या बाजूवरच लोळवत होतं. वळणार कसा नाही? त्याला तिकडेच तर वळायचं होतं! आणि माझ्याकडे रडायचा, कारण मी बरोबर बाजूने वाजवत होते.

दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला तिथेच तासलं असतं. माझ्या तोंडाची ख्याती आहे. पण सासरे असे बसले होते, कंगवा हातात, तोंडभर हसू, आणि बाकावरची तीन माणसं माझ्याकडून कौतुकाची वाट बघत होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"छान," मी म्हणाले. "छान वळतो." आणि बाहेर येऊन डॉक्टरबाईंना फोन लावला.

त्यांनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी आहे. "असं होतं," त्या म्हणाल्या. "आता बरोबर बाजूने करा, मानेसाठी ते करावंच लागेल, हेल्मेट घाला की नका घालू."

"पण मग हेल्मेट थांबवता येईल का? म्हणजे व्यायाम असा झालाच नाही ना अजून. दोन-तीन आठवडे बघितलं तर?"

"बघू शकता. कदाचित सुधारेलही. नाही सुधारलं तर तेवढे आठवडे गेले, आणि ते सगळ्यात चांगले आठवडे आहेत."

"आणि आधीपासून बरोबर केलं असतं तर हेल्मेट लागलंच नसतं?"

"हे मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच येणार नाही. काही मुलांना सगळं बरोबर करूनही लागतं."

दुपारी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो आधी पोट धरधरून हसला, आणि मग एकदम थांबला. "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस," तो म्हणाला. मग म्हणाला, "सांगायला तर लागेल." मग डोक्यावर पांघरूण घेतलं. नवरे अशा वेळी पांघरुणातच शोभतात.

माझी अडचण दुहेरी होती. सांगितलं, तर सासरे चेंडूला पुन्हा हात लावणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला, जरासाच, तर त्यांनी वस्तराच सोडला. आजतागायत दाढी सेफ्टी रेझरने करतात. आणि नाही सांगितलं, तर कंगवा चुकीच्या बाजूलाच वाजत राहणार. शिवाय हेल्मेटचा निर्णय होताच. थांबावं, तीन आठवडे सासऱ्यांना द्यावेत, त्यांचा मान राखावा, असं मन म्हणत होतं. त्यात माझंही साधत होतं. मला ते हेल्मेट नकोच होतं. स्वतःच्या सबबीवर सासऱ्यांच्या मानाचं कव्हर चढवायचं, म्हणजे कुणाला शंका नको.

बुधवारी सकाळी चेंडूला खाली देताना मी म्हटलं, "बाबा, आज गादीवर नको. आरशासमोर खुर्चीत मांडीवर घेऊन कंगवा वाजवा ना. त्याला आरसा फार आवडतो."

शिकवण्याचा हा माझा एक जुना धडा आहे. काही चुका सांगून कळत नाहीत, माणसाला अशा जागी नेऊन उभं करायचं की चूक आपण होऊन पुढे येते.

"बरं," सासरे म्हणाले. "गिऱ्हाईक नसेल तेव्हा घेतो."

दुपारी मी परत आले तर सलूनचं शटर अर्धं खाली. असं कधी होत नाही. वाकून आत गेले. बाकावर कुणी नाही. सासरे खुर्चीत, चेंडू त्यांच्या मांडीवर आरशाकडे तोंड करून बसलेला, स्वतःच्या प्रतिबिंबाला जीभ दाखवत. कंगवा समोरच्या फळीवर पडलेला.

"बंद का केलंत?"

सासऱ्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "डावीकडे वाजवला, तर वळेना," ते म्हणाले. "म्हटलं, रुसला असेल. खाली गादीवर ठेवला, तर लगेच वळला. परत मांडीवर घेतला, परत नाही. मग उगाच, चुकून, उजव्या हाताने वाजवला. तर वळला, हसला."

मी शटर आणखी थोडं खाली ओढलं.

"माझं डावं," ते म्हणाले, "त्याचं नव्हतंच." मग माझ्याकडे वळून, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कालपासून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? तू? तू तर रस्त्यावरच्या पोलिसालाही सोडत नाहीस."

"दुकानात गिऱ्हाईकं होती, बाबा."

ते बराच वेळ चेंडूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. हात तिथेच येऊन थांबायचा. "पोराचं डोकं मी बिघडवलं," ते म्हणाले. "उद्यापासून याला माझ्याकडे ठेवू नका."

मला हेच ऐकायचं नव्हतं, आणि तेच आलं. तेव्हा मात्र माझं तोंड सुटलं.

"मग कुणाकडे ठेवू? भट्टीत? का माझ्या गाडीच्या डिकीत? बाबा, माझा प्रत्येक शिकाऊ एकदा कुठे ना कुठे ठोकतो. मी स्वतः खांबाला ठोकलीय, याच डाव्या-उजव्यात. ठोकली म्हणून चालवायचं सोडायचं नसतं. आणि बिघडवलं-बिघडवलं काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, आधीपासून सगळं बरोबर केलं असतं तरी हेल्मेट लागलं असतं की नसतं, कुणीच सांगू शकत नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"बाबा, मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलले आहे का?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तेही खरंच."

मग मी त्यांना उरलेलं सांगितलं. दोन-तीन आठवडे थांबता येईल, आता बरोबर बाजूने वाजवून बघता येईल, कदाचित हेल्मेट टळेलही. बोलताना माझाच आवाज मला आशाळभूत वाटला. पहिल्या दिवशी चावी मागणाऱ्या शिकाऊसारखा. सासरे ऐकत होते. मला वाटलं, हे हो म्हणतील. त्यांना तेच तर हवं होतं. तीन आठवडे, आपल्या हाताने, आता बरोबर बाजूने, आणि गेलेली अब्रू परत.

"आणि नाही सुधारलं तर?"

"तर तेवढा वेळ गेला. चांगला वेळ."

सासरे उठले. चेंडूला खांद्यावर घेतलं. "हेल्मेट कर," ते म्हणाले. "माझी इभ्रत पोराच्या डोक्यावर ठेवून कशाला सांभाळायची?"

कालपासून मी ज्या गोष्टीभोवती घिरट्या घालत होते, ती त्यांनी एका वाक्यात भादरून मोकळी केली. मला माझीच लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. तिथेच, शटरखालून येणाऱ्या उजेडात उभं राहून मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि म्हटलं, आमचं ठरलं.

हेल्मेट बनवतात त्या केंद्रावर माप द्यायला सासरे स्वतः आले. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने सांगितलं होतं, की केस बारीक असतील तर बरं. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी चेंडूला माझ्या मांडीवर बसवून त्याचे पहिले केस कापले, कात्रीने, एकेक बट बोटात धरून. नवरा शेजारी उभा राहून म्हणाला, "माझे कधी इतक्या प्रेमाने कापले नाहीत." "तुझे होतेच किती?" सासरे म्हणाले. घर परत रुळावर आलं होतं.

मापाच्या वेळी चेंडूने जाळीची टोपी घालून घेतली आणि डोक्याभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्याला लाळ दाखवली. सासऱ्यांनी त्या मुलीला दोन वेळा विचारलं, "उजवीकडची जागा मोकळी ठेवणार ना? त्याच्या उजवीकडची?" दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांगा त्यांना. महत्त्वाचं आहे."

हेल्मेट आलं ते पांढरंशुभ्र, साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. पहिले दोन दिवस चेंडू रडला. मीही रडले. तिसऱ्या दिवशी त्याला शोध लागला, की या गोष्टीने पलंगाच्या कठड्यावर आपटलं की मस्त आवाज येतो, आणि मग रडायला त्याला सवडच राहिली नाही. लोक काय म्हणतील, त्याचाही निकाल लागला. लोक म्हणाले, "अरे वा, आईकडे स्कूटर शिकतोय का?" सगळे हेच म्हणाले, आणि प्रत्येकाला वाटलं की विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

चौथ्या दिवशी मी कामावर निघताना चेंडूला खाली दिलं. हेल्मेटमधून तासभर सुट्टी असते, डोकं पुसायला, ते स्वच्छ करायला. सासरे म्हणाले, "आज सुट्टी इथेच होऊ दे. मी पुसून घालतो." स्कूटरची चावी वर विसरली असं मला वाटलं. ती शोधली, सापडेना, भट्टीवरच्या नवऱ्यावर फोन करून ओरडले, पर्समध्येच सापडली, आणि परत खाली येईपर्यंत पुसणं-घालणं उरकलं होतं.

चेंडू गादीवर उताणा, हेल्मेट डोक्यावर. सासरे त्याच्या पायांशी, त्याच्याकडे तोंड करून. या वेळी कंगवा उजव्या हातात. कर्रर्र! चेंडूने कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं, विचार केला. मग फक्त डोळे वळवले. डावीकडे. त्याच्या डावीकडे. मान मागून थोडीशी आली, फार नाही.

"चालेल," सासरे त्याला म्हणाले. "घाई नाही."

मी त्याचा पापा घ्यायला वाकले, आणि मला हेल्मेटवर अक्षरं दिसली. सलूनच्या पाटीवर आहेत तशीच, सासऱ्यांच्या वळणाची, जाड काळ्या पेनाने काढलेली. डाव्या कानावर लिहिलं होतं, 'माझं डावं'. उजव्या कानावर लिहिलं होतं, 'आजोबांचं डावं'.

"म्हटलं, चूक नको व्हायला," सासरे म्हणाले. "बाकावरच्या मंडळींनाही वाचता येतं."

"छान," मी म्हणाले. या वेळी खरंच म्हणाले. मग बाहेर येऊन माझं हेल्मेट घातलं, काच खाली ओढली आणि पहिल्या सिग्नलपर्यंत रडत गेले. हेल्मेटचा हा फायदा मी अजून एकाही शिकाऊला सांगितलेला नाही.